मुंबईतली खिडकी तीस वर्षं बंद होती

1938 साली काँग्रेसने जपानशी लढणाऱ्या चीनला वैद्यकीय पथक पाठवायचं ठरवलं, तेव्हा पहिली अडचण औषधांची नव्हती, पैशांचीही नव्हती. अडचण पासपोर्टची होती. सुभाषचंद्र बोस तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्यांच्या आवाहनाला लोकांनी साथ दिली, बावीस हजार रुपये जमले, रुग्णवाहिका मिळाली, पाच डॉक्टर निवडले गेले. त्यांतले कलकत्त्याचे डॉ. रणेन सेन यांना सरकारने पासपोर्ट नाकारला, कारण त्यांचं नाव पोलिसांच्या दप्तरी होतं. त्यांच्या जागी ऐनवेळी डॉ. बिजयकुमार बसू आले. बाकीचे चौघे होते अलाहाबादचे डॉ. मदन अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. देवेश मुखर्जी आणि आमच्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस.

कोटणीसांना पासपोर्ट मिळाला. तो मिळाला नसता तर आज चीनमधल्या शाळकरी मुलांना सोलापूर हे नाव कानावर पडण्याचं काही कारण नव्हतं. एका कारकुनाच्या टेबलावरचा कागद पुढे सरकला, म्हणून एक माणूस जगाच्या इतिहासात गेला. दुसऱ्याचा अडला, म्हणून तो घरी राहिला. सोलापूर आणि चीन यांच्यामधल्या वाटेची हकिगत पहिल्या दिवसापासून अशीच कागदांवर ठरत आली आहे. पुढे एक काळ असा आला, की ज्या खिडकीत तो कागद द्यायचा ती खिडकीच मुंबईतून उठून गेली. या लेखात सांगायचं आहे ते मुख्यतः त्या काळाबद्दल.

कोटणीसांचा जन्म 10 ऑक्टोबर 1910 चा. वडील गिरणीत नोकरीला, घर मोठं, भावंडं बरीच. आज विजापूर रस्त्याच्या बाजूला वाढत गेलेलं जुळे सोलापूर तेव्हा नव्हतंच. तिकडे शेतं आणि माळ. गाव होतं ते गिरण्यांचं, पेठांचं, मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी एकाच गल्लीत बोलणारं. 1930 साली या गावाने इंग्रजांचा मार्शल लॉ सोसला होता, आणि 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा हे चार सोलापूरकर फासावर गेले होते. तेव्हा द्वारकानाथ वीस वर्षांचे होते. मुंबईच्या गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेला, पुढे शल्यविशारद होऊ पाहणारा हा मुलगा परक्या देशातल्या युद्धात का गेला, असं विचारणाऱ्याने त्याचं गाव आधी लक्षात घ्यावं.

1 सप्टेंबर 1938 ला ‘राजपुताना’ बोटीने पथक मुंबईहून निघालं. हाँगकाँगमार्गे सप्टेंबरच्या मध्यावर कँटनला पोचलं, आणि महिनाभरात कँटन जपान्यांच्या हाती पडलं. हांकौही पडलं. डॉक्टरांच्या मागे-मागे शहरं पडत होती. चुंगकिंगमध्ये असताना वडील गेल्याची बातमी कोटणीसांना कळली. सहकाऱ्यांनी परत जा म्हणून सांगितलं. ते गेले नाहीत. फेब्रुवारी 1939 मध्ये येनानला पोचले, पुढे आघाडीवरच्या रुग्णालयात रुजू झाले, जानेवारी 1941 मध्ये बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले. तिथल्याच परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केलं. ऑगस्ट 1942 मध्ये मुलगा झाला. सेनानी न्ये रोंगझेन यांनी त्याचं नाव ठेवलं यिनहुआ, म्हणजे भारत आणि चीन दोन्ही. साडेतीन महिन्यांनी, 9 डिसेंबर 1942 ला, अपस्माराच्या झटक्याने कोटणीस गेले. वय बत्तीस. जागा हबेई प्रांतातलं एक खेडं. पाचांपैकी चार परत आले. हा आला नाही.

इथून आपल्या गोष्टीला वेगळं वळण लागतं. कारण आता सोलापूरच्या या कुटुंबाची एक सून आणि एक नातू चीनमध्ये होते, आणि मध्ये दोन सरकारं होती.

स्वतंत्र भारताने चीनच्या नव्या सरकारला लगेच मान्यता दिली. 1 एप्रिल 1950 पासून दोन्ही देशांचे राजनैतिक संबंध सुरू झाले. दिल्लीत चीनचा दूतावास आला, मुंबईत आणि कलकत्त्यात वाणिज्य दूतावास आले. भारताचे शांघाय आणि ल्हासा इथे होते. मुंबईत बँक ऑफ चायनाची शाखाही होती. सोलापूरच्या माणसाला चीनला जायचं असेल तर रात्रीच्या गाडीने मुंबई गाठायची, सकाळी अर्ज द्यायचा, एवढं ते जवळ होतं. व्ही. शांताराम यांनी 1946 साली ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ काढलेला होताच. त्यामुळे कोटणीस हे नाव एव्हाना घराघरात माहीत झालं होतं.

त्या काळातली एक गोष्ट आज वाचताना विश्वास बसत नाही. 29 एप्रिल 1954 ला पेकिंगमध्ये तिबेटबद्दल जो भारत-चीन करार झाला, त्यात यात्रेकरूंसाठी वेगळं कलम होतं. कैलास-मानसरोवराला जाणाऱ्या भारतीय यात्रेकरूला पासपोर्ट नको, व्हिसा नको, ओळखीचा कागददेखील नको. लिपुलेखची खिंड ओलांडायची, पलीकडच्या चौकीवर नाव नोंदवायचं, यात्रेचा परवाना घ्यायचा, पुढे चालू लागायचं. नेहमीच्या व्यापाऱ्यांना आणि खेचरं हाकणाऱ्यांनाही साध्या दाखल्यावर जाता येई. शतकानुशतकं माणसं ज्या वाटेने जात होती, तिला दोन सरकारांनी फक्त कागदावर मान दिला होता. आठ वर्षांची मुदत होती. जून 1962 मध्ये ती संपली, आणि करार पुन्हा झाला नाही.

तोवर बरंच बिघडलं होतं. 1959 मध्ये दलाई लामा भारतात आले. जुलै 1961 मध्ये भारताचे राजदूत जी. पार्थसारथी परत आले आणि त्यांच्या जागी दुसरे राजदूत गेले नाहीत. 20 ऑक्टोबर 1962 ला युद्ध सुरू झालं, 21 नोव्हेंबरला चीनने एकतर्फी युद्धविराम जाहीर केला. त्याच सुमारास महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला, हे आपल्याकडे तेव्हापासून म्हटलं जातं.

आणि डिसेंबर 1962 मध्ये वाणिज्य दूतावास मिटले. भारताने ल्हासा आणि शांघायमधले आपले बंद केले, चीनला मुंबई आणि कलकत्त्यातले बंद करायला सांगितले. बँक ऑफ चायनाच्या शाखा आधीच बंद झाल्या होत्या. दिल्ली आणि पेकिंगचे दूतावास मात्र दोघांनीही मोडले नाहीत. तिथे राजदूत नव्हता, पण प्रभारी होता, कार्यालय चालू होतं. संबंध तुटले नव्हते. दार किलकिलं होतं. हा फरक इतिहासकाराला महत्त्वाचा वाटतो, आणि तो आहेही. पण मुंबई, महाराष्ट्र, कर्नाटक इथल्या माणसासाठी त्याची जवळची खिडकी बंद झाली, ती पुढची तीस वर्षं.

युद्धाचा राग कुणावर निघतो, हे त्याच हिवाळ्यात दिसलं. आसाम आणि बंगालमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या चिनी वंशाच्या सुमारे 3,000 लोकांना उचलून राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेलं गेलं. त्यांत चामड्याचा धंदा करणारे होते, सुतार होते, खानावळवाले होते, इथेच जन्मलेली पोरंबाळं होती. त्यांच्यासाठी कोणत्याही दूतावासाची खिडकी उपयोगाची नव्हती, कारण ते ज्या देशाचे रहिवासी होते त्यानेच त्यांना परकं ठरवलं होतं. 1963 मध्ये चीनने जहाजं पाठवली आणि मद्रास बंदरातून अडीच हजारांच्या आसपास माणसं त्यांनी कधी न पाहिलेल्या देशात गेली. ही आपल्या देशाने केलेली चूक होती, असं मी स्पष्ट म्हणतो. तिची कबुली अजून पुरेशी दिली गेलेली नाही.

उलट बाजूनेही एक जण अडकला. जानेवारी 1963 मध्ये एक चिनी सैनिक सीमेच्या अलीकडे सापडला. काही वर्षं तुरुंगात काढून सुटल्यावर तो बालाघाट जिल्ह्यातल्या तिरोडीत राहिला. हे गाव मध्य प्रदेशातलं, पण भंडाऱ्याच्या तुमसरहून तिथे रेल्वेचा फाटा जातो; त्या पट्ट्यात मराठी सगळ्यांच्या कानावर असते. त्याने गावातल्याच मुलीशी लग्न केलं, मुलं झाली. त्याला घरी जायचं होतं. पण तो ना धड भारतीय, ना त्याच्याकडे चिनी पासपोर्ट. तो पासपोर्ट मिळायला 2013 साल उजाडलं, आणि आपल्या गावी त्याचं पाऊल पडलं ते फेब्रुवारी 2017 मध्ये. पन्नास वर्षांहून जास्त काळ गेला होता. तोवर आई राहिली नव्हती.

अशा काळात सोलापूर-पुण्याकडच्या कुणाला चीनला जायचं झालं तर काय करावं लागे, ते एकदा नीट पाहायला हवं, कारण पुढच्या पिढीला याची कल्पना येत नाही. सगळ्यांत आधी पासपोर्ट. 1967 पर्यंत तो मिळणं हा हक्क नव्हता. सरकारच्या मर्जीचा विषय होता. मिळाला तरी तो कोणकोणत्या देशांसाठी वैध आहे याची त्यात नोंद असे, म्हणजे पुस्तिका हातात असूनही हवा तो देश त्यात असेलच असं नाही. मग परकीय चलन. रिझर्व्ह बँकेच्या मंजुरीचा पी फॉर्म भरल्याखेरीज परदेशाचं तिकीटच निघत नसे. मग निमंत्रण. चीनने त्या वर्षांत परक्या पर्यटकाला असा दरवाजा उघडलाच नव्हता. मैत्री संघटनेने किंवा एखाद्या सरकारी संस्थेने बोलावलं तरच व्हिसाचा विचार व्हायचा. खासगी माणसाने नातेवाइकांना भेटायला जातो म्हणून अर्ज करावा आणि तो मंजूर व्हावा, ही फार दूरची गोष्ट. आणि हे सगळं जमलं तरी शेवटचा अर्ज द्यायचा दिल्लीत. सोलापूरहून दौंड, मनमाड, भोपाळ करत दिल्ली, तिथे चाणक्यपुरीतला दूतावास, तिथे थांबायला ओळखीचं घर किंवा धर्मशाळा. अर्ज दिला म्हणजे व्हिसा मिळाला असं नाही, पुन्हा येरझार. पैसेवाल्याला आणि पुढाऱ्याला हे झेपतं. गिरणीतल्या नोकरदाराच्या घरातल्या माणसाला नाही.

शिवाय पोलिसांची नजर. चीनला जायचं म्हणणाऱ्या माणसाकडे 1962 नंतर कुठल्या नजरेने पाहिलं जात असेल, ते वेगळं सांगायला नको. डॉ. बसू पन्नासच्या दशकाच्या अखेरीस चीनमध्ये जाऊन अ‍ॅक्युपंक्चर शिकून आले होते आणि कलकत्त्यात त्यांनी ते चालू ठेवलं, पण त्यांच्यासारख्या माणसांची संख्या बोटांवर मोजण्याइतकी.

1967 हे साल या हकिगतीतलं सगळ्यांत अवघड साल. त्या वर्षी एप्रिल ते जून या तीन महिन्यांत जे घडलं, ते एकत्र ठेवून पाहिलं पाहिजे. 10 एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने सतवंत सिंग साहनी यांच्या खटल्यात निकाल दिला. सरकारने या व्यापाऱ्याला पासपोर्ट परत करायला सांगितलं होतं. न्यायालय म्हणालं, परदेशी जाण्याचा अधिकार हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे आणि कायदा नसताना सरकार आपल्या मर्जीने तो काढून घेऊ शकत नाही. निकाल तीन विरुद्ध दोन असा लागला. विरोधी मत देणाऱ्यांत नागपूर उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती मोहम्मद हिदायतुल्ला होते. त्यांच्या मते पासपोर्ट हा सरकारचा राजकीय दस्तऐवज, तो मागण्याचा हक्क नागरिकाला नाही. सरकारने घाईने वटहुकूम काढला आणि 24 जूनला पासपोर्ट कायदा अस्तित्वात आला. आजही आपण ज्या कायद्याखाली पासपोर्ट काढतो तो हाच.

पण नागरिकाला पासपोर्टचा हक्क मिळत असताना, ज्या देशात त्याला जायचं असेल तिथला दूतावास त्याच जूनमध्ये वेढ्यात होता. पेकिंगमध्ये सांस्कृतिक क्रांती ऐन भरात होती. भारतीय दूतावासातले के. रघुनाथ आणि पी. विजय हे दोन अधिकारी एका देवळाचे फोटो काढत असताना पकडले गेले, त्यांच्यावर हेरगिरीचा आरोप झाला, जाहीर खटल्याचं नाटक झालं आणि त्यांना हाकललं गेलं. विमानतळावर जमावाने त्यांना मारलं. त्याचा राग दिल्लीत निघाला. 16 जूनला जमाव चिनी दूतावासात घुसला, तिथली माणसं जखमी झाली. मग पेकिंगमध्ये रेड गार्डांनी भारतीय दूतावासाला वेढा घातला, आतली माणसं, बायका-मुलं अडकून पडली. वकिलातीच्या भिंती हे सभ्य जगातलं शेवटचं आश्रयस्थान मानलं जातं. त्या उन्हाळ्यात दोन्ही राजधान्यांत ते मोडलं गेलं. सप्टेंबरमध्ये सीमेवर नाथू ला इथे दोन्ही सैन्यांच्या तोफा चालल्या.

आणि त्याच 1967 साली यिनहुआ कोटणीस गेला. वडिलांसारखाच डॉक्टर व्हायला निघालेला, वैद्यकीय शिक्षण पुरं व्हायला आलेलं. चुकीच्या उपचारांनी त्याचा मृत्यू झाला. वय चोवीस-पंचवीस. त्याचं सारं लहानपण दोन्ही देशांच्या मैत्रीच्या घोषणांत गेलं, आणि तो गेला तेव्हा ते दोन देश एकमेकांच्या दूतावासांवर दगड टाकत होते. त्या वर्षी भारतातल्या आत्यांना, काकांना त्याच्या अंत्यदर्शनाला निघायचं म्हटलं असतं, तर कुठल्या खिडकीत जाऊन अर्ज द्यायचा होता? मुंबईची पाच वर्षं बंद. दिल्लीची जमावाच्या तडाख्यात सापडलेली. मी या लेखासाठी तारखा एकापुढे एक मांडत गेलो तेव्हा या जागी थांबलो. परराष्ट्र धोरणाच्या पुस्तकांत 1967 च्या प्रकरणाला दोन-चार पानं मिळतात. त्यांत हा मुलगा कुठेच नसतो.

हळूहळू बर्फ वितळलं. 1 मे 1970 ला पेकिंगमध्ये मे दिनाच्या समारंभात माओंनी भारताचे प्रभारी ब्रजेश मिश्र यांच्याशी हात मिळवला आणि चार शब्द चांगले बोलले. त्यावर काथ्याकूट करण्यात दिल्लीने सहा वर्षं काढली. एप्रिल 1976 मध्ये भारताने पेकिंगला पुन्हा राजदूत पाठवायचं जाहीर केलं. तेव्हा परराष्ट्रमंत्री कोण होते? यशवंतराव चव्हाण. युद्धाच्या राखेत संरक्षणमंत्री झालेला माणूस चौदा वर्षांनी दूतावासाचं पूर्ण दार उघडत होता. यशवंतरावांच्या चरित्रात 1962 चा प्रसंग आपण वारंवार सांगतो, 1976 चा क्वचित. माझ्या मते दुसराही तितकाच मोठा. जे राजदूत गेले ते के. आर. नारायणन, पुढे राष्ट्रपती झालेले. 2000 साली राष्ट्रपती म्हणून ते चीनला गेले, तेव्हा त्यांच्या मेजवानीला क्वो छिंगलान पाहुण्या होत्या.

राजदूत आले, पण खिडक्या उघडायला आणखी वेळ लागला. 1981 साली कैलासाची यात्रा पुन्हा सुरू झाली, लिपुलेखमार्गेच. आता मात्र नुसतं नाव नोंदवून जाता येत नव्हतं; परराष्ट्र मंत्रालयाकडे अर्ज, निवड, तुकडी, पासपोर्ट, व्हिसा. 1982 साली डॉक्टरांचे भाऊ मंगेश कोटणीस यांनी लिहिलेलं त्यांचं इंग्रजी चरित्र आलं. त्याच साली चीनने कोटणीसांचं टपाल तिकीट काढलं. भारताचं निघालं 1993 साली. डिसेंबर 1988 मध्ये राजीव गांधी पेकिंगला गेले, डिसेंबर 1991 मध्ये पंतप्रधान ली फंग दिल्लीला आले आणि वाणिज्य दूतावास परत उघडायचं ठरलं. डिसेंबर 1992 मध्ये मुंबईचा चिनी वाणिज्य दूतावास उघडला, तिकडे शांघायमध्ये भारताचा. बंद झाला तोही डिसेंबर, उघडला तोही डिसेंबर; मध्ये तीस वर्षं. अयोध्येनंतरच्या दंगलींनी मुंबई पेटलेली असल्याने या बातमीकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नसावं. कलकत्त्याला आणखी वाट पाहावी लागली. तिथला दूतावास 2008 मध्ये उघडला.

मुंबईची खिडकी उघडल्यानंतर सोलापूरकडे चिनी पाहुण्यांची ये-जा वाढली. मुंबईच्या दूतावासातले अधिकारी सोलापूरला येतात, आणि चीनचे नेते भारतात आले की कोटणीस कुटुंबाला भेटत. 2013 मध्ये मुंबईत पंतप्रधान ली खछ्यांग, 2014 मध्ये दिल्लीत शी चिनफिंग यांनी डॉक्टरांच्या धाकट्या भगिनी मनोरमाताईंची भेट घेतली. क्वो छिंगलान स्वतः भारतात अनेकदा येऊन गेल्या; 2006 मध्ये राष्ट्राध्यक्ष हू चिनथाव यांच्यासोबतही आल्या. जून 2012 मध्ये दालियनमध्ये त्यांचं निधन झालं. त्याच वर्षाच्या सुरुवातीला सोलापुरातलं, भैय्या चौकातलं कोटणीसांचं घर स्मारक म्हणून खुलं झालं होतं.

इथे लेख संपवता आला असता. पण 28 मार्च 2020 ला खिडकी पुन्हा बंद झाली. करोनामुळे चीनने परदेशी नागरिकांचे चालू व्हिसा आणि निवास परवाने स्थगित केले. त्या वेळी चीनमध्ये शिकणारे 23,000 हून जास्त भारतीय विद्यार्थी होते, बहुतेक वैद्यकीयचे, आणि त्यांतले बरेचसे सुटीला घरी आलेले. महाराष्ट्रातल्या मध्यम आणि लहान शहरांतली मुलं त्यांत होती. सरकारी महाविद्यालयात जागा नाही, खासगीचं शुल्क परवडत नाही, म्हणून आई-बापांनी कर्ज काढून पाठवलेली. दोन वर्षांहून जास्त काळ ती घरात बसून मोबाइलवर शवविच्छेदन शिकली. रुग्णालयातला प्रत्यक्ष सराव नसेल तर इथे मान्यता मिळेल का, हा प्रश्न डोक्यावर. गलवानचा रक्तपात जून 2020 मध्ये झाला होता, त्यामुळे त्यांच्या बाजूने बोलणारंही फारसं कुणी नव्हतं. विद्यार्थ्यांचे व्हिसा पुन्हा सुरू झाले ते ऑगस्ट 2022 मध्ये. भारताने चिनी पर्यटकांना व्हिसा देणं जुलै 2025 मध्ये पुन्हा सुरू केलं, त्याच उन्हाळ्यात कैलासयात्रा पाच वर्षांनी निघाली, आणि ऑक्टोबरमध्ये थेट विमानं. यात्रा थांबते, मग सुरू होते. विमानं थांबतात, मग सुरू होतात. विद्यार्थ्याची गेलेली वर्षं कुणी परत देत नाही.

सीमा राखली पाहिजे, शत्रुत्व असेल तेव्हा सावधही राहिलं पाहिजे. त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण सरकारांनी वकिलात मिटताना एक गोष्ट नेहमी शिल्लक ठेवावी: आजारी नातेवाईक, अंत्यविधी, अर्धवट शिक्षण, यात्रा यांच्यासाठीची एक वेगळी खिडकी, तिसऱ्या देशाच्या दूतावासात का असेना. ही काही स्वप्नातली मागणी नाही. 1971 च्या युद्धात भारत आणि पाकिस्तान यांचे संबंध तुटले, तेव्हा स्वित्झर्लंडने दोघांचीही कामं पाहिली होती. 1955 साली गोव्याच्या प्रश्नावर पोर्तुगालशी संबंध संपले, तेव्हा गोव्यातल्या भारतीयांची बाजू इजिप्तने आणि इथल्या पोर्तुगीजांची ब्राझीलने सांभाळली होती. म्हणजे यंत्रणा आहे. ती युद्धकैद्यांसाठी आणि मालमत्तेसाठी वापरतात. घरच्या माणसांसाठी वापरायची इच्छा हवी.

सोलापूरकरांना पासपोर्टसाठी पूर्वी पुण्याला जावं लागे. 2017 पासून टपाल खात्याने शहरातच केंद्र सुरू केलं आणि ती अडचण गेली. जुळे सोलापुरातल्या नव्या वसाहतींतून आज मुलं जर्मनीला, अमेरिकेला, कॅनडाला निघतात. त्यांच्या आई-वडिलांच्या कपाटांत, आणि जुन्या पेठांतल्या पेट्यांत, त्याआधीच्या पिढ्यांचे कागद पडून असतील: देशांची यादी लिहिलेले जुने पासपोर्ट, रिझर्व्ह बँकेचे पी फॉर्म, दिल्लीहून आलेली नकाराची पत्रं, चीनहून, पाकिस्तानहून, आखातातून आलेली पाकिटं. घर बदलताना किंवा वारसांनी खोली रिकामी करताना हे पहिल्यांदा रद्दीत जातं. कृपा करून घालवू नका. जतन करा, तारखा लिहून ठेवा, कुणी वडीलधारे अजून असतील तर त्यांना विचारून घ्या. आणि महापालिकेने भैय्या चौकातल्या स्मारकात अशा कागदांसाठी एक कपाट ठेवावं, एक माणूस नेमावा, ही या गावचा एक रहिवासी म्हणून माझी विनंती आहे.